बेचाळिसावं चित्र

“आता यात काय चुकलं, आपा?”

श्रेणिकनं वही टेबलावर ठेवली नाही, आपटली.

हलीमाआपांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. चित्राकडं पाहिलं. चष्मा परत कपाळावर गेला.

“हे डोळ्याचं नाही.”

“मग कशाचं आहे? वांग्याचं?”

“ते तुम्ही सांगायचं, डॉक्टर. काढलंय तुम्ही.”

हे एक्केचाळिसावं चित्र होतं. चाळीस आधीच परत आली होती, आणि प्रत्येक वेळी हेच एक वाक्य. त्याला ना शेंडा ना बुडखा.

श्रेणिक खिडकीपाशी गेला, परत आला, परत गेला. दाराआड त्याची बॅग भरून ठेवलेली होती. चार वाजता पुण्याची गाडी. उद्या सकाळी नऊला पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं, आणि हजर होताना मिरजेतल्या या दवाखान्यात शिकणं पूर्ण झाल्याचा कागद हातात लागणार होता. तो कागद या म्हातारीनं अडवून धरला होता.

म्हातारी डॉक्टर नव्हती. नर्सही नव्हती. शाळा चौथीपर्यंत.

आपांचे वडील तंबोऱ्यांवर वेलबुट्टी रंगवायचे. सातव्या वर्षी पोरीच्या हातात कुंचला आला. एकोणिसाव्या वर्षी हा धर्मादाय दवाखाना चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी तिला इथं आणलं. डोळ्याच्या आतला फोटो काढणारं यंत्र तेव्हा इथं नव्हतं. आपा भिंगाला डोळा लावायच्या आणि पेशंटच्या डोळ्यात दिसेल ते कागदावर उतरवायच्या. अगदी आत, मागच्या भिंतीवर, मेंदूकडं जाणारी नस जिथून निघते ती गोल चकती. तिच्यातून फुटणाऱ्या लाल-निळ्या रक्तवाहिन्या. मुंबईचे डॉक्टर ती चित्रं मागवून न्यायचे, खाली नाव मात्र स्वतःचं घालायचे. आपा ते कधी विसरल्या नाहीत आणि त्यांनी कुणाला विसरूही दिलं नाही.

पुढं यंत्रं आली. आपांचा कुंचला थांबला. पण मोठ्या डॉक्टरांचा एक नियम मागं राहिला. शिकायला येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरनं वहीत पेशंटच्या डोळ्याचं चित्र काढायचं, लाल-निळ्या पेन्सिलीनं. वर पेशंटचं नाव आणि गाव. एका तरी चित्राच्या कोपऱ्यात आपांनी लाल टिंब दिलं, तर ऑफिसातून कागद मिळायचा. मोठे डॉक्टर गेले. नियम मोडायची छाती कुणाला झाली नाही, कारण नियम मोडायचा तर तसं आपांना तोंडावर सांगावं लागलं असतं.

बाकीच्यांना दोन महिन्यांत टिंब मिळालं. एकाला तर तिसऱ्याच चित्रावर, आणि ते चित्र इतकं वेडंवाकडं होतं की श्रेणिक त्याला दोन दिवस हसत होता.

श्रेणिकला सुवर्णपदक होतं. मेंदूचे फोटो तो भराभरा वाचायचा, मोठे लोक त्याला विचारायला यायचे. आणि दोन वर्षं झाली तरी टिंब नाही.

“आपा, स्पष्ट बोलू?”

“आजवर कुणी अडवलं होतं?”

“तुमचा राग आहे माझ्यावर. मला यंत्रं वाचता येतात आणि तुम्हाला येत नाहीत, म्हणून.”

“असेल.”

“एवढंच?”

“भांडायला वेळ आहे का तुम्हाला? चारची गाडी आहे ना?”

श्रेणिकनं वही पुढं ओढली. चित्रावर बोट ठेवलं.

“बघा. चकती कशी गोल आहे. कड कशी स्वच्छ. कुठं ओरखडा नाही, कुठं डाग नाही. सकाळचीच पेशंट. उज्ज्वला, तासगावाकडची. यंत्राचा कागदही आहे माझ्याकडं. हा घ्या.”

आपांनी कागदाला हात लावला नाही.

“कागद काय म्हणतो?”

“नसेचा थर पातळ झाला की यंत्र लाल रंग दाखवतं. इथं लाल कुठं आहे? एक ठिपका नाही. उलट थर नेहमीपेक्षा जाड आहे. म्हणजे नस दणकट.”

“दणकट.”

“हो. मेंदूचा एमआरआय पण बघितला मी. गाठ नाही, पाणी साठलेलं नाही. काही म्हणजे काही नाही.”

“मग ती आली कशाला?”

“डोकं दुखतं म्हणून. तीन महिने. कानात विहिरीवरची मोटर चालल्यासारखा आवाज येतो म्हणते. तो माझा प्रांत नाही, कानवाल्याकडं लिहून दिलंय.”

“आणि?”

“आणि काय? सासू सोबत आहे, ती सगळं सांगते. द्राक्षबागेत मण्यांची विरळणी करायला वर बघायचं असतं तोवर ठीक. मग पाटी उचलायची म्हटलं की सूनबाईंच्या डोळ्यापुढं अंधार.” श्रेणिक हसला. “कामाचं नाव काढलं की अंधार. असल्या केसेस ढिगानं येतात, आपा. बाळंतपणानंतर वजन वाढलंय, हालचाल नको असते. मी लिहून दिलं, दोष नाही. डोकेदुखीची गोळी, आणि मन आनंदात ठेवा.”

आपांनी दाराकडं पाहिलं.

वऱ्हांड्यातल्या बाकावर त्या दोघी अजून बसल्या होत्या. गोळ्या मिळायच्या होत्या. अर्धवट उघड्या दारातून उज्ज्वलाचा पदर दिसत होता, आणि सासूचा आवाज तर रस्त्यापर्यंत जात होता.

“मी म्हणत हुते का न्हाई? दोनशे रुपये गाडीला घातलं, आन डॉक्टर काय म्हणाला? आनंदात ऱ्हा. आता घरी चल, ठेवते तुला आनंदात.”

श्रेणिकला पुन्हा हसू आलं. आपांना आलं नाही.

“पोरी,” त्यांनी हाक मारली. “जरा आत ये गं बेटा.”

“आपा, तिचं झालंय.”

“माझं व्हायचंय.”

उज्ज्वला आत आली. सव्वीस-सत्तावीसची, गोऱ्या गालांची, घाबरलेली. दाराच्या चौकटीला तिनं उगीचच हात लावला आणि मग पुढं पाऊल टाकलं. मागोमाग सासू, आपल्याला न बोलावता कुठं काही घडतंय याचा राग चेहऱ्यावर घेऊन.

“बस,” आपा म्हणाल्या.

मुलगी स्टुलावर बसायला वळली, तेवढ्यात आपांच्या हातातली लाल-निळी पेन्सिल सुटली.

टक्कन फरशीवर पडली. घरंगळली. मुलीच्या पायाशी थांबली.

“राहू दे, राहू दे,” आपा म्हणाल्या, पण स्वतः हलल्या नाहीत.

“द्या की, मी देते.” मुलगी लगेच वाकली.

वाकली… आणि तिथंच राहिली.

हात पेन्सिलीपासून वीतभर अलीकडं होता. बोटं फरशीवरून सरकली, डावीकडं, मग उजवीकडं. पेन्सिल तिच्या डोळ्यांसमोर पडलेली होती, आणि डोळे सताड उघडे होते.

श्रेणिक मनातल्या मनात मोजायला लागला.

एक… दोन… तीन…

बाहेर दुपारचं ऊन. खोलीला दोन मोठ्या खिडक्या.

चार… पाच… सहा…

मग तिची नजर कुठून तरी परत आली. तिनं पेन्सिल उचलली, सरळ झाली, ओशाळं हसली.

“घ्या. खालीच हुती.”

“किती वेळा होतं गं असं?” आपांनी विचारलं.

“कसं?”

“हेच. आत्ता झालं ते.”

मुलीनं सासूकडं पाहिलं, मग खाली.

“मोजत न्हाई आता. वाकलं की हुतंय. परत येतंय लगेच.”

“कुणाला सांगितलंस?”

“सगळ्यांस्नी सांगितलं.”

ती श्रेणिककडं बघून बोलली नव्हती. बघितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

आपांनी पेन्सिल साडीला पुसली आणि टेबलावर ठेवली. बस्स.

श्रेणिकनं ड्रॉवर उघडला, बंद केला, दुसरा उघडला. डोळ्याची बाहुली मोठी करायच्या औषधाची बाटली हाताला लागली. सकाळी त्यानं ते घातलं नव्हतं. त्याला अर्धा तास लागतो, आणि बाहेर रांग होती. बारीक बाहुलीतून दोन क्षण उजेड मारला होता, आणि उरलेलं यंत्राच्या कागदावरून समजून घेतलं होतं.

“वर बघा,” तो म्हणाला. एक थेंब गालावर गेला.

तो अर्धा तास काही केल्या सरेना. सासू दारात उभी राहून गाडीची वेळ विचारत होती. श्रेणिक तीनदा घड्याळ बघून आला आणि तिन्ही वेळा वेळ काय झाली ते त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

मग त्यानं भिंग लावलं.

चकतीला कड नव्हती.

जिथं गोल, रेखीव काठ हवा तिथं सगळं फुगून वर आलेलं होतं, दूध उतू जाताना येतं तसं. रक्तवाहिन्या काठापाशी येऊन त्या सुजेत बुडत होत्या आणि पलीकडं पुन्हा निघत होत्या. एके ठिकाणी रक्ताचा बारीक ओरखडा. दुसऱ्या डोळ्यातही तेच.

नस जाड होती. दणकट नव्हती. सुजली होती.

तो उठला. एमआरआयची फिल्म पाकिटातून काढताना पाकीट फाटलं. त्यानं ती खिडकीच्या काचेला लावली. सकाळी त्यानं मेंदू बघितला होता. सगळा, कोपरान् कोपरा. डोळे त्याच फिल्मवर होते, पुढच्या बाजूला, दोन गोळे. त्यांच्याकडं बघायचं कारणच नव्हतं, कागदावर ‘मेंदू’ असं लिहिलेलं होतं.

आता त्यानं गोळे बघितले. मागच्या बाजूनं ते गोल नव्हते. मागून कुणी अंगठा दाबून धरावा तसे चपटे झाले होते. त्यांच्यामागं जाणाऱ्या नसा वाकड्यातिकड्या, त्यांच्याभोवती पाण्याचं रुंद वेष्टन. मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी दबून तिच्या खळग्याच्या बुडाला चिकटली होती.

कवटीतला दाब वाढला होता. सगळं त्याच फिल्मवर होतं. सकाळीही होतं.

“मी… गाठ शोधत होतो,” तो काचेकडं तोंड करूनच म्हणाला.

“सापडली नाही?”

“नाही.”

“मग?”

“मग थांबलो.”



श्रेणिक वळला. आता तो भराभर बोलायला लागला. “हिला आजच दाखल करायला पाहिजे. आत्ता. मेंदूच्या शिरांचा फोटो काढायला हवा, कुठं रक्त अडकलंय का ते बघायला. मग पाठीच्या मणक्यातून पाण्याचा दाब मोजायचा. औषध आजच सुरू. मी मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावतो, गाडी मागवतो—”

“थांबा की वाईच,” सासू म्हणाली.

ती दारातून आत आली होती. कंबरेवर हात.

“सकाळी तुमीच म्हणलासा, दोष न्हाई. हे बघा, लिवलंय.” तिनं कनवटीचा कागद काढून हलवला. “आन आता म्हणताय पाठीत सुई घालायची? घरी तान्हं पोर ठिवून आलोय. बागेचं काम आडलंय. म्या काय म्हणते, सकाळचं खरं का आत्ताचं?”

“आत्ताचं.”

“कशावरनं?”

श्रेणिकनं फिल्म पुढं केली. तिनं ती उलटी धरली, सुलटी धरली, परत दिली.

“मला काय कळणार ह्यातलं? चल गं.”

उज्ज्वला उठली. भिंत धरून.

श्रेणिकनं आपांकडं पाहिलं. या बाईनं आता तरी बोलावं. चाळीस वर्षं गावातली माणसं हिचं ऐकत आली होती. एक शब्द टाकला तरी सासू बसली असती.

आपा नखानं पेन्सिलीचं टोक तपासत होत्या.

“काकू,” श्रेणिक म्हणाला. “सकाळी… मी चुकलो.”

वऱ्हांड्यात उभ्या असलेल्या दोन नर्सांनी माना वळवल्या. कंपाउंडरनं कात्री थांबवली. सुवर्णपदकवाल्या डॉक्टरच्या तोंडून हे कुणी ऐकलं नव्हतं.

“मी नीट बघितलं नव्हतं. तुम्ही अंधारी येते म्हणून सांगितलंत आणि मी हसलो. ती खोटं बोलत नाही. तिला खरंच दिसेनासं होतं. आज पाच-सहा सेकंद. असंच राहिलं तर एक दिवस परत येणार नाही. कायमचं जाईल.”

सासूचा हात कंबरेवरून खाली आला, पण पाय दाराकडंच होते.

“दावा तर मला. कुठं काय झालंय ते.”

श्रेणिकनं इकडंतिकडं बघितलं. मग वही ओढली. कोरं पान काढलं. उज्ज्वलाला पुन्हा स्टुलावर बसवलं, भिंग लावलं आणि पेन्सिल हातात घेतली.

सवयीनं त्याचा डावा हात खिशात गेला. खिशात थेंबाच्या बाटलीचं टोपण असायचं. ते कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली की चकती अशी गोल यायची, की ज्याचं नाव ते.

टोपण हातात आलं. त्यानं त्याकडं बघितलं… आणि ते टेबलावर ठेवून दिलं.

मग बघायचं आणि काढायचं. बघायचं, काढायचं. रेघ थरथरत होती. काठ शोधायला गेलं की काठ सापडत नव्हता, मग तिथं त्यानं काठ काढलाच नाही. रक्तवाहिनी जिथं बुडाली तिथं पेन्सिल उचलली, जिथं निघाली तिथं पुन्हा टेकवली. चित्र अर्धवट, गबाळं, कुठं दाट कुठं रिकामं. शाळेतल्या पोरानं काढलं असतं तर मास्तरांनी पुन्हा काढायला लावलं असतं.

त्यानं ते सासूपुढं धरलं. शेजारी सकाळचं पान धरलं.

“हे बघा, काकू. सकाळी मी हे काढलं. निरोगी डोळा असा दिसतो. आणि हिच्या डोळ्यात आत्ता हे आहे. इथली कड बघा. कुठं आहे?”

सासू वाकली. बराच वेळ बघत राहिली. एका बोटानं रिकाम्या जागेवरून फिरली.

“हितं कायच न्हाई.”

“हेच.”

“सुजलंय व्हय हे?”

“हो.”

तिनं सुनेकडं बघितलं. पुन्हा चित्राकडं. मग खाली बसली ती एकदम फरशीवरच.

“आगं उज्ज्वले… आन मी तुला पाट्या उचलाय लावल्या की गं.”

मुलीनं नाक ओढलं, आणि सासूच्या खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला.

साडेचारला दवाखान्याची गाडी दोघींना घेऊन गेली. श्रेणिकनं सोबत चार ओळी लिहून दिल्या, फोनवर तीनदा सांगितलं, फाटकापर्यंत गेला. गाडी सुटताना चालक म्हणाला, “डॉक्टर, तुमची पुण्याची गाडी?” श्रेणिकनं ऐकलं की नाही कोण जाणे.

तो खोलीत परत आला, तर आपा वही पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

तो समोर उभा राहिला. टिंब मागायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात ती वाकलेली पाठ होती, आणि फरशीवरून फिरणारी बोटं.

“पूर्ण केलं नाही,” आपा म्हणाल्या. बेचाळिसावं पान.

“जेवढं दिसलं तेवढं काढलं.”

“हं.”

त्यांनी पेन्सिल उचलली. लाल टोक. पानाच्या कोपऱ्यात टेकवलं, उचललं. ज्वारीच्या दाण्याएवढं टिंब.

श्रेणिकनं हात पुढं केला. वहीवरून आपांचा हात हटला नाही.

त्या पानं उलटायला लागल्या. मागं. सावकाश. एक्केचाळीस… चाळीस… एकोणचाळीस…

प्रत्येक पानावर एक चकती. गोल, स्वच्छ, रेखीव. सगळ्या एकाच मापाच्या. एकीवर दुसरी ठेवली असती तर केसभर फरक पडला नसता. डोळ्यात खरंच काय होतं, ते एकाही पानावर नव्हतं. टेबलावर टोपण तसंच पडलेलं होतं. श्रेणिकला ते उचलून खिशात घालावंसं वाटलं, पण त्याच्यानं हात लाववेना.

तीस… एकोणतीस…

वर एकेक नाव. नुसतं नाव, वय. गावाची जागा त्यानं कधी भरलीच नव्हती. चित्राला गाव कशाला लागतं?

अठरा… सतरा…

“आपा,” तो म्हणाला. “आपा, पुरे.”

त्या थांबल्या नाहीत.

पाच… चार… तीन…

पहिलं पान. दोन वर्षांपूर्वीचं. शाई थोडी फिकी झाली होती. गणपती ईश्वरा चौगुले, वय चोपन्न. खाली चकती, टोपणाएवढी.

आपांनी चष्मा नाकावर घेतला. नावावर बोट ठेवलं. मग मान वर करून पहिल्यांदाच त्याला एकेरीत विचारलं,

“हा कुठं राहतो रे?”